गरोदरपणातल्या पूरक गोळ्यांचा प्रचार कंपन्यांकडे कशाला?

सरळरेघ: ‘सरकारला गोळ्या वाटता येतात, खपवता येत नाहीत, प्रचार कंपन्यांच्या हाती द्या’ असं काल इथे लिहिलं गेलं. वाचून राहवलं नाही. गोळी मध्येच सुटते ती जाहिरात कमी पडली म्हणून नव्हे. मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही, आणि असं होणार हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. रात्री जेवणानंतर घ्या, कॅल्शियमची गोळी काही तास लांब ठेवा, हे समोर बसून सांगावं लागतं. ‘एका गोळीत सगळं’ हे तर धादांत खोटं. युनिमॅप, म्हणजे गरोदर स्त्रियांच्या बहुघटक गोळीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ठरवलेलं सूत्र, त्यात १५ जीवनसत्त्वं-खनिजं आहेत, त्यात कॅल्शियम नाहीच!

ताळेबंद: सरकार-कंपनी भागीदारी म्हणजे फक्त जाहिरात, हे कुणी ठरवलं? ते सूत्र १९९९ पासून खुलं आहे. निविदा सूत्रावर काढा, ब्रँडवर नको. बॅच-तपासणी आणि वाहतूक खासगी यंत्रणेला द्या. खरी गोची अंदाजात आहे. मागच्या वर्षीच्या खपावरून खरेदी ठरते. तेव्हा चार महिने साठाच नसेल तर खप कमीच दिसणार. मग प्रचार ऐकून बायका येतात आणि रिकाम्या हाताने परततात. नोंदणी झालेल्या गरोदर स्त्रिया गुणिले १८० गोळ्या असा हिशेब धरा, उशिरा नोंद झालेल्यांच्या वजा करा.

लोहमात्रा: बाटल्या मोजताय, आत काय आहे ते बघा. नेहमीच्या लोहगोळीतल्या ६० मिग्रॅ लोहाच्या जागी या बहुघटक गोळीत ३०! गरोदर स्त्रियांत रक्तक्षय ४० टक्के किंवा जास्त असेल तिथे जागतिक आरोग्य संघटना ६० ला पसंती देते.

सरळरेघ: बहुघटक गोळीच्या चाचण्यांत रक्तक्षयात फारसा फरक पडलेला नाही. कमी वजनाची बाळं मात्र साधारण १२ टक्क्यांनी घटली.

लोहमात्रा: सरासरी पुढे करू नका. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेल्या बाईला यातली कुठलीच गोळी पुरत नाही, तिला उपचारच लागतात. आणि खरेदीतला घोळ? लेबलवर क्षाराचं, म्हणजे लोहाच्या संयुगाचं वजन असतं. फेरस सल्फेट ३०० मिग्रॅ, फेरस फ्युमरेट १८० मिग्रॅ, दोन्हींत शुद्ध लोह ६० च्या आसपासच. निविदेत ‘शुद्ध लोह’ लिहिलं नाही की ३०० वाली जास्त ताकदीची समजून घेतली जाते.

ताळेबंद: लोहाचं पुराण थांबवा, विषय भागीदारीचा आहे.

लोहमात्रा: निविदेचा मसुदा हीच भागीदारी! तोच चुकला तर बाकी सगळं वाया.

ताळेबंद: बरं, शुद्ध लोहाची अट हवी. एवढं मान्य.

सरळरेघ: वाहतूक, तपासणी द्या त्यांना, माझी हरकत नाही. पण वाटलेल्या बाटल्यांवर पैसे देऊ नका. एकाच भेटीत दोन बाटल्या हातात कोंबून आकडा भरतील. पुढच्या भेटीला बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजा. आणि सल्ल्याच्या कागदावर कंपनीचं बोधचिन्ह चालणार नाही.

ताळेबंद: बोधचिन्ह नको, ठीक. मोजणार कोण? आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत त्याला रकानाच नाही.

सरळरेघ: मग रकाना वाढवा. गरोदर बाई रक्तदाब तपासून घ्यायला येते त्या दिवशी तिला बाटली सोबत आणायला सांगा, तिथेच मोजून होईल.