मदत हवी आहे: टाकीवरचा नोड लोरावॅनला जॉइनच होत नाही

टाकीपाशी: विद्यापीठाच्या आवारात पाण्याच्या टाक्यांवर लेव्हल सेन्सर लावतोय. प्रत्येक सेन्सरचा छोटा रेडिओ बोर्ड, म्हणजे नोड, लोरावॅनवरून (लांब पल्ल्याचं, कमी विजेवर चालणारं रेडिओ नेटवर्क) रीडिंग पाठवतो. लॅबमध्ये सगळे नोड पहिल्या फटक्यात जॉइन होतात. मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर नेले की संपलं. कीज (जॉइनसाठीचे गुप्त कोड) तपासल्या, अँटेना बदलली. परवा समितीसमोर दाखवायचंय. माहीत असेल त्याने लगेच सांगा.

गेटवेकरी: बोर्ड कोणता, फ्रिक्वेन्सी बँड कोणता, नोडचे सिग्नल सर्व्हरला पोहोचवणारा गेटवे कुठे, सर्व्हर कोणता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ लागतं. बाहेरून मागवलेल्या बोर्डांवर बऱ्याचदा युरोपचं ८६८ सेट केलेलं असतं.

शुभदा_नाशिक: लोराचा नाद सोडा. एनबी-आयओटीचं, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून चालणारं सिम टाका, गेटवेची भानगडच नको. आमच्या सोसायटीत तेच लावलंय.

गेटवेकरी: ताई, वीस-पंचवीस टाक्यांच्या सिमचं रिचार्ज दरवर्षी कोणत्या हेडमधून करायचं? कॅम्पसवर स्वतःचा गेटवे असणंच बरं.

रानवारा: निधीसाठी स्मार्ट सिटी मिशनकडे प्रस्ताव द्या, विद्यापीठांना संधी असते.

जोशी_सर: ते मिशन २०१५ ला सुरू झालं आणि ३१ मार्च २०२५ ला संपलं. शिवाय निधी मागितलाय कोणी? हैदराबादच्या ट्रिपल आयटीची स्मार्ट सिटी लिव्हिंग लॅब मात्र बघा, त्यांनी स्वतःच्या कॅम्पसवरच असे नोड लावलेत.

टाकीपाशी: बँड ८६५ चाच. गेटवे लॅबच्या गच्चीवर, तिथून होस्टेल समोर दिसतं. सर्व्हर चर्पस्टॅक. बोर्ड प्रो मिनी, रेडिओ आरएफएम९५, कोडमध्ये लोरावॅनची एलएमआयसी लायब्ररी. उन्हाळ्यात तिथल्या मुली बादल्या घेऊन खाली उतरतात आणि बाजूच्या इमारतीची टाकी वाहत असते, म्हणून हे आधी तिथेच हवंय.

अँटेनावाला: अँटेनाच. जास्त ताकदीची, ५ डीबीआयची लावा.

गेटवेकरी: थांबा. सर्व्हरवर जॉइन रिक्वेस्ट दिसते का?

टाकीपाशी: दिसते. उत्तर पाठवल्याचंही दिसतं. नोड तरी पुन्हा पुन्हा विचारत राहतो. सकाळी लवकर एक झाला होता, दुपारी एकही नाही.

अँटेनावाला: मग गेटवेची पॉवर वाढवा.

गेटवेकरी: रिक्वेस्ट पोहोचतेय म्हणजे रेंजचा प्रश्न दिसत नाही. स्वस्त प्रो मिनीवर वेळ मोजायला अचूक क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याचं घड्याळ मुळात ढिलं आणि उन्हात आणखी सरकतं. सर्व्हरचं उत्तर रिक्वेस्टनंतर बरोबर ५ सेकंदांनी येतं. १ टक्का चूक म्हणजे ५० मिलिसेकंद, आणि एसएफ७ ला (लोराची वेगवान सेटिंग) उत्तराचा प्रीअँबल (सुरुवातीचा ओळखीचा सिग्नल) जेमतेम १२ मिलिसेकंदांचा. नोड कान उघडतो तोवर उत्तर निघून गेलेलं असतं. लायब्ररीत क्लॉक एरर १ टक्का द्या, म्हणजे नोडची ऐकण्याची खिडकी रुंद होईल. लायब्ररीच्या एमसीसीआय कंपनीच्या नव्या आवृत्तीत त्यावर ०.४ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कॉन्फिगमधून उठवावी लागते.

पुणेकर_७२: या सगळ्या स्मार्ट कॅम्पसमध्ये मुलींच्या होस्टेलवर उद्या कॅमेरे लागणार. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा कोणी वाचलाय का?

जोशी_सर: मुद्दा महत्त्वाचा आहे, वेगळा धागा काढा, मी येतो. इथे टाकीत पाणी किती एवढंच मोजतायत.

टाकीपाशी: झाला! भर दुपारी दोन वाजता जॉइन झाला, गेटवेकरी, मनापासून आभार. आता दुसरंच. टाकी काठोकाठ भरली की रीडिंग उड्या मारतं.

गेटवेकरी: सेन्सर अल्ट्रासॉनिक, वॉटरप्रूफ, निळा बोर्ड?

टाकीपाशी: हो.

गेटवेकरी: त्याला २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. झाकणावर रुंद पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर वर उचला. आतून वाफ धरते, दर आठवड्याला पुसायला माणूस नेमा.