अलिसा मारिचची वाट निर्बंधांनी अडवली की शिये जुनने?

पटावरचा_उंट
सर्बियाची महिला ग्रँडमास्टर अलिसा मारिच, जन्म १९७०. जगज्जेतीला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या, बोर्जोमीच्या १९९० च्या कॅन्डिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेत तिचे आणि चीनच्या शिये जुनचे सातपैकी प्रत्येकी साडेचार गुण झाले, दोघी बरोबरीत पहिल्या. ही बरोबरी सोडवायला पुढच्या फेब्रुवारीत दोघींचा सामना झाला आणि अलिसा २.५-४.५ अशी हरली. शिये त्याच वर्षी माया चिबुर्दानिद्झेला हरवून जगज्जेती झाली. अलिसा पुन्हा तिथवर पोहोचली नाही. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता, आणि मी याचा दोष युगोस्लाव्हियावरच्या निर्बंधांना देतो.

सातवी_पट्टी
तारखाच जुळत नाहीत. सामना फेब्रुवारी १९९१ मधला, निर्बंध लादणारा संयुक्त राष्ट्रांचा ७५७ वा ठराव ३० मे १९९२ चा. शिवाय बंदी होती ती देशाच्या वतीने खेळण्यावर. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिथलीच यास्ना शेकारिच स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरली आणि नेमबाजीत रौप्य घेऊन गेली. खरी संधी १९९१ चीच होती, कारण त्या वेळी हंगेरीच्या बलाढ्य पोल्गार बहिणी शर्यतीत नव्हत्या. १९९२ ला शांघायच्या कॅन्डिडेट्समध्ये झुझा पोल्गार आली आणि पहिली आली.

चौसष्ट_घरं
त्या सामन्याचं स्वरूपही बघा. इतक्या छोट्या सामन्यात एक डाव मागे पडलात की बरोबरी चालत नाही, काळ्या मोहऱ्यांनीही जिंकायलाच खेळावं लागतं आणि मग पटावर धोका वाढतो. त्यात डाव बेलग्रेड आणि बीजिंगमध्ये वाटलेले, घड्याळात सात तासांचा फरक. तयारीच्या साधनांची मात्र तिला उणीव नव्हती. निवडक डावांचं ‘शाहोव्स्की इन्फॉर्माटोर’ १९६६ पासून बेलग्रेडहूनच निघतं.

पटावरचा_उंट
सामना ती हरली, त्याबद्दल वाद नाही. मी नंतरच्या वर्षांबद्दल बोलतोय. ठरावाने बेलग्रेडची विमानं थांबली, बाहेर पडायचं तर आधी रस्त्याने शेजारच्या देशात जावं लागे. १९८८ ला थेसालोनिकीत युगोस्लाव्हियाच्या महिलांनी ऑलिंपियाडचं, म्हणजे देशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेचं, कांस्य जिंकलं होतं, १९९२ ला मनिलात तो संघच नव्हता. ऑलिंपियाड तेव्हा चौदा फेऱ्यांचं, पहिल्या पटावर बलाढ्य प्रतिस्पर्धी ओळीने मिळत. खुल्या स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्या कमी मानांकनाच्या खेळाडूंशी जातात आणि तिथे एखादी बरोबरी झाली तरी मानांकन घसरतं. ऑलिंपियाडची भरपाई अशी होत नाही.

सातवी_पट्टी
हे पटतं. पण १९९४ च्या अखेरीस मॉस्को ऑलिंपियाडपर्यंत खेळावरची बंदी उठली होती, अलिसा तेव्हा २४ वर्षांची होती. शिये १९९६ ला झुझाकडून हरली, तरी १९९९ ला पुन्हा जगज्जेती झाली, वयाच्या २८ व्या वर्षी. अलिसाला कोणी अडवलं होतं?

पटावरचा_उंट
शियेमागे चीनचा राष्ट्रीय संघ होता, कायमचे प्रशिक्षक होते. १९९९ च्या उन्हाळ्यात जगज्जेतेपदाचा तो सामना ती रशियाच्या गालियामोवाविरुद्ध कझान आणि शेन्यांगला खेळली. त्याच वर्षी मार्च ते जून नाटोची विमानं बेलग्रेडवर बॉम्ब टाकत होती.