प्रतिसाद: सायकलनंतरचे जड पाय

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकल मारून लगेच पळायला घेतलं की पायांचे ओंडके होतात, ते लॅक्टिक ॲसिडमुळे, असं वर एका दादांनी लिहिलंय. सगळं खापर त्याच्यावर नको. लॅक्टेट (शरीरात हे ॲसिड याच रूपात असतं) तर स्नायू इंधन म्हणूनही वापरतात. खरी भानगड अशी, की ४० किमी सायकलनंतर त्याच वेगाने पळायला ऑक्सिजन जास्त लागतो, नाडी चढलेली असते, ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा उतरलेला असतो. त्यात आपली नेरूळ-बेलापूरची दमट हवा! घाम वाळतच नाही, नुसता कोपरावरून ठिबकत राहतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. मग त्वचेकडे जास्त रक्त वळवावं लागतं आणि हृदयाची धावपळ आणखी वाढते.

मुरलेल्या ट्रायॲथलीटांमध्ये (पोहणं, सायकल आणि पळणं सलग करणाऱ्यांमध्ये) नुसतं पळणं आणि सायकलनंतरचं पळणं यातला हा फरक बराच कमी दिसतो.

आणि हो, सायकलच्या शेवटी पेडल भरभर मारलं असेल तर पळताना सुरुवातीची पावलंही भरभर पडतात. पाय जड वाटतात, पण घड्याळ बघाल तर वेग ठरवल्यापेक्षा जास्त! पुढे वाट लागते ती इथेच. दादांनी सुचवलेल्या स्ट्रेचिंगने यातलं फारसं काही बदलत नाही (दादा, राग नसावा). त्यापेक्षा सराव करताना बेलापूरच्या किल्ला जंक्शनला सायकलवरून उतरलात की चहाच्या टपरीकडे न वळता दहा-पंधरा मिनिटं पळा, तेही सावकाश.