कोचविरुद्ध पत्र लिहिणारा लारिओनोव स्वतः कोच म्हणून कसा आहे?

मिसिसागाकर
माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, आइस हॉकीत सेंटर, म्हणजे पुढच्या फळीत मधे खेळतो, अंगानं लहानखुरा. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन समोरच्या संघाच्या हद्दीच्या निळ्या रेषेजवळ आला की त्याचे कोच ओरडतात, "पक आत टाक आणि धाव!" पोरगं पास शोधत जरा थांबलं की पुढच्या पाळीला बेंचवर. हल्ली त्यानं इगोर लारिओनोवच्या जुन्या क्लिप बघितल्यात आणि घरात दुसरा विषय नाही. सोव्हिएत काळात यानं आपल्याच कोचविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं आणि आता तो रशियात कोच आहे, एवढंच मला ठाऊक. असा माणूस स्वतः कोच झाल्यावर काय करतो? जाणकारांनी सांगावं.

नोव्हीकर
मी डेट्रॉइटजवळ राहतो, लारिओनोव माझा सगळ्यात आवडता खेळाडू, तेव्हा जरा लांबण लागेल.

मुलाला पहिली गोष्ट ही सांगा की हा माणूस जेमतेम 5 फूट 9 इंचांचा होता. जन्म 1960 चा, गाव वोस्क्रेसेन्स्क. 1981 मध्ये तो मॉस्कोच्या सीएसकेएत, म्हणजे लष्कराच्या संघात गेला. पुढच्या फळीत क्रुतोव आणि माकारोवच्या मधे हा, मागे बचावाला फेतिसोव आणि कासातोनोव. हे पाच जण एकत्र खेळायचे तेव्हा जगात त्यांना तोड नव्हती. 1984 आणि 1988 ची ऑलिंपिक सुवर्णं त्यांचीच.

पण सीएसकेए आणि सोव्हिएत संघ या दोन्हींचे कोच विक्तर तिखोनोव वर्षातले बहुतेक महिने खेळाडूंना तळावर कोंडून ठेवायचे. बायकामुलं मॉस्कोत आणि हे शहराबाहेर बराकीत. 1988 च्या ऑक्टोबरात लारिओनोवनं 'ओगोन्योक' साप्ताहिकात पत्र लिहून हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. लष्करी संघातल्या खेळाडूनं असं लिहायचं म्हणजे केवढी छाती लागली असेल! पुढच्याच वर्षी तो उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगमध्ये, व्हँकुव्हरच्या संघात गेला.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र डेट्रॉइटमध्ये आहे. 27 ऑक्टोबर 1995, कॅलगरी. डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाचे कोच स्कॉटी बोमन यांनी पाच रशियन एकत्र उतरवले: फेतिसोव, कॉन्स्टान्टिनोव, फेदोरोव, कोझलोव आणि लारिओनोव. रेड विंग्ज 3-0 नं जिंकले. पुढे वाट बंद दिसली तर हे पाच जण पक आत भिरकावून देत नसत. सरळ मागे वळायचे, मागच्याला पास द्यायचे आणि नव्यानं चाल रचायचे. तेव्हा इथल्या कित्येकांना तो भेकडपणा वाटायचा. 1997 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद आलं, 1998 मध्ये पुन्हा आलं.

आणि 2002 च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीतला तिसरा सामना! कॅरोलायनाविरुद्ध, तिसरा ओव्हरटाइम, सगळ्यांचे पाय गळालेले. पक लारिओनोवकडे, समोर बचावाला बॅटाग्लिया आडवा घसरत आला. एक्केचाळिशीचा हा गडी थांबला. त्याला घसरून पुढे जाऊ दिलं, पक बॅकहँडवर घेतला आणि गोलकीपर इर्बेच्या वरून जाळ्यात. ते थांबणं मुलाला जरूर दाखवा.

कोच म्हणूनही तो हेच मागतो: पक आपल्याकडे ठेवा, डोकं चालवा. निवृत्तीनंतर बरीच वर्षं तो खेळाडूंचा एजंट होता. 2020 च्या नोव्हेंबरात रशियाची तरुण पोरं घेऊन त्यानं हेलसिंकीत कार्याला कप ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा जिंकली. ज्युनिअर विश्वस्पर्धेत मात्र चौथा नंबर आला, कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडकडून हार. मग 2022 पासून तीन हंगाम निझनी नोवगोरोदचा टॉर्पेडो संघ आणि 2025 मध्ये सेंट पीटर्सबर्गचा एसकेए संघ.

सायली_नाशिक
नोव्हीकर, एक शंका. ते पाच जण इतके एकजीव झाले ते त्या कोंडवाड्यातच ना? रोज एकत्र सराव, एकत्र जेवण. तिखोनोव नसते तर ती पाचांची फळी झाली असती का? त्यांच्या नावावर तीन ऑलिंपिक सुवर्णं आहेत, त्यांना निव्वळ खलनायक ठरवू नये.

नोव्हीकर
सायलीताई, शंका रास्त आहे. सरावाचं श्रेय तिखोनोवना द्यायलाच हवं. पण डेट्रॉइटचे पाच जण बघा. फेतिसोव आणि लारिओनोव पस्तिशी गाठलेले, संध्याकाळी आपापल्या घरी जाणारे, तरी बर्फावर तीच जादू. एकत्र सरावानं खेळ घडला, हे मान्य. त्यासाठी माणसांना कोंडायची गरज नव्हती आणि लारिओनोवची तक्रारही नेमकी कोंडण्याबद्दल होती. व्हँकुव्हरला कोवळा रशियन खेळाडू पावेल ब्युरे आला तेव्हा सुरुवातीला लारिओनोवच्या घरीच राहिला. या माणसाची शिकवण्याची रीत मला तिथे दिसते.

मिसिसागाकर
दोघांचे मनापासून आभार. मुलानं मोठ्यानं वाचून घेतलं सगळं. एखादा पूर्ण सामना सुचवाल का? आणि त्यानं कोचना काय सांगावं?

नोव्हीकर
1987 च्या कॅनडा कपची अंतिम फेरी. तीन सामने आणि तिन्ही 6-5! समोर कॅनडाचे दिग्गज ग्रेट्झ्की आणि लेम्यू. कॅनडा जिंकला, पण सोव्हिएत पासिंग बघण्यासारखं आहे. मुलाला सांगा, पक ज्याच्याकडे आहे त्याला सोडून बाकीच्या चौघांवर नजर ठेव. वाट मोकळी करायचं काम तेच करत असतात.

कोचशी वाद घालू नका. त्याला म्हणावं, मागे पास देण्याआधी मागे कुणी आहे का ते बघ. तिथे कुणी नसेल तर पक आत टाकणंच बरोबर, लारिओनोवनंही तेच केलं असतं.