'बिल अँड टेड' मुलांबरोबर बघण्यासारखा आहे का? (वय ११ आणि १४)

पावसाळी:
शनिवारी रात्री आम्ही सगळे मिळून सिनेमा बघतो. या वेळी लेकीची (१४) फर्माईश टाइम ट्रॅव्हलची, आणि धाकट्याला (११) पोट धरून हसायचंय. 'बॅक टू द फ्युचर' दोघांचा बघून झालाय. 'बिल अँड टेड्स एक्सलंट अ‍ॅडव्हेंचर' (१९८९) कोणी मुलांसोबत पाहिलाय का? शिव्या, मारामारी, अवघडायला होईल असं काही? लेकीला इतिहासाचा भयंकर कंटाळा आहे, हेही सांगून ठेवते.

जुना_फळा:
पावसाळीताई, जरूर दाखवा. मी नववी-दहावीला इतिहास शिकवतो आणि सुट्टीत भाचरं जमली की हा सिनेमा लावतोच.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिमस गावची दोन पोरं, डोक्यात फक्त गिटार आणि बँड. उद्या वर्गासमोर इतिहासावर बोलायचंय. नापास झाले तर टेडचे पोलिस अधिकारी वडील त्याला अलास्कातल्या लष्करी शाळेत धाडणार, म्हणजे बँड संपला. विषय असा, की इतिहासातल्या थोर व्यक्तींना आजचं सॅन डिमस कसं वाटेल? असा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत यावा असं मला मनापासून वाटतं. भविष्यातून आलेला रूफस त्यांना टेलिफोन बूथचं कालयंत्र देतो आणि ही दोघं सॉक्रेटिस, चंगीझ खान, लिंकन अशांना थेट उचलूनच आणतात. १४२९ सालच्या ऑर्लेआँमधली जोन ऑफ आर्क मॉलमध्ये एरोबिक्सच्या वर्गाचा ताबा घेते, बीथोव्हन वाद्यांच्या दुकानात कीबोर्डवर बसतो तो उठतच नाही. लेकीचा कंटाळा तिथेच पळेल.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. (मुलांना आधी सांगू नका.) सुरुवातीलाच वडील टेडवर खेकसतात, माझ्या किल्ल्या तूच हरवल्यास. टेड म्हणतो, मी नाही. शेवटी पाहुणे तुरुंगात अडकतात आणि त्याच किल्ल्या लागतात. पोरं ठरवतात की काम झाल्यावर दोन दिवस मागे जाऊन किल्ल्या चोरायच्या आणि इथे पाटीमागे ठेवायच्या. बघतात तर त्या तिथे आहेतच! म्हणजे वडील बोलत होते ते खरंच होतं, फक्त टेडने ती चोरी तोवर केलेली नव्हती. कार्यकारणाचं हे वर्तुळ अकरा वर्षांच्या पोराला एका झटक्यात कळतं. शिवाय तुम्ही कुठल्याही शतकात भटका, सॅन डिमसमधलं घड्याळ पुढे सरकतच राहतं, हा नियम आहे. त्यामुळे कालयंत्र हाताशी असूनही उशीर होण्याची धाकधूक टिकते.

सांभाळायच्या जागा: मध्ययुगीन इंग्लंडमध्ये दोघं मिठी मारतात आणि लगेच समलिंगी लोकांना हिणवणारी शिवी हासडतात. आम्ही तिथे सिनेमा थांबवून मुलांशी बोलतो. बिलच्या तरुण सावत्र आईवरून थोडी थट्टा आहे, आणि एका आकड्यावरचा चावट विनोद धाकट्याच्या डोक्यावरून जाईल. मारामारी किरकोळ.

फिनिक्सकर:
सॅन डिमस कॅलिफोर्नियात असलं तरी चित्रीकरण बरंचसं आमच्या अ‍ॅरिझोनात झालंय, १९८७ मध्ये. तो मॉल म्हणजे फिनिक्सचं मेट्रोसेंटर, २०२० मध्ये बंद झालं. निर्मिती कंपनीचं दिवाळं निघाल्याने सिनेमा १९८९ पर्यंत अडकला होता. सबटायटल्स लावा, त्या दोघांची बोली आमच्या इथे वाढलेल्या मुलांनाही लवकर कळत नाही.

पावसाळी:
फळा सर, खूप आभार. ती जागा आधी कळली हे बरं झालं. इतिहास म्हणून त्यात काही खरं आहे का हो?

जुना_फळा:
धडा म्हणून नाही, नेपोलियन तर वॉटरपार्कच्या घसरगुंडीवर रमतो. पण पुस्तकातल्या चित्रांना राग येतो, भूक लागते, कुतूहल वाटतं, हे मुलांना दिसतं. माझ्या वर्गात मला नेमकं हेच घडवायचं असतं. संपल्यावर लेकीला विचारा, तू कोणाला कुठे आणशील? आमच्या भाचीने मलिक अंबरला छत्रपती संभाजीनगरला आणलं, त्याने केलेल्या नहरीचं आज काय झालंय ते दाखवायला. मग तो काय म्हणेल यावर जेवणं होईपर्यंत वाद चालला, आणि नहरीत पाणी कसं खेळवलं होतं ते तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून शोधून काढलं.

पावसाळी:
शनिवार पक्का. धाकटा कोणाला आणणार ते आत्ताच ओळखलंय मी, पण त्यालाच सांगू दे.