म्हणे, ‘चार सडकी सफरचंदं’!

तिरकस: लाचखोरीच्या बातमीवर वाचकबुवांनी काल लिहिलं, ‘चार सडकी सफरचंदं निघाली म्हणून अख्ख्या खात्याला कशाला नावं ठेवता?’ अहो, म्हण नेमकी उलटी आहे! एक सडकं निघालं की पिंपच नासतं. बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगात १७३६ साली हेच छापलंय. अर्धी म्हण फेकायची आणि खात्याला क्लीन चिट द्यायची?

वाचकबुवा: लोक वापरतात तो अर्थ. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केल्याचं २००४ मध्ये उघड झालं, तेव्हा अमेरिकेतले बडे लोक असंच बोलत होते. कोणाला कळलं नाही?

तिरकस: कळलं, म्हणून तर डोकं फिरतं! त्यातल्याच एका आरोपी सैनिकाच्या बाजूने साक्ष देताना फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाने बोट पिंपाकडेच, म्हणजे व्यवस्थेकडे, दाखवलं होतं.

रसायनी: मुळात फळ फळाला सडवत नाही. इथिलीन वायूने शेजारची फळं लवकर पिकतात, इतकंच. सडवते ती बुरशी, आणि तीही सालीला जखम असेल तर शिरते.

खोडकिडा: सगळ्याच बुरशींना जखम लागत नाही हो. करडी बुरशी, बोट्रायटिस, टेकलेल्या फळात सरळ घुसते. अर्धवट विज्ञान नको.

रसायनी: मी निळ्या बुरशीबद्दल बोलत होतो!

खोडकिडा: तसं लिहिलं कुठेय?

जुना कारकून: बुरशी ठेवा बाजूला. आमच्या विभागात एकजण टॅक्सीच्या कोऱ्या पावत्यांवर आकडे टाकून बिलं लावायचा. साहेब न वाचता सही ठोकायचे. बघता बघता नव्या पोरांच्या ड्रॉवरमध्येही कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! तो पकडला गेल्यावर परिपत्रक काय आलं? ‘एका व्यक्तीचे गैरवर्तन.’ साहेबांना त्याच वर्षी बढती.

वाचकबुवा: आणि तुम्ही काय करत होतात? गप्प?

जुना कारकून: हो, गप्प. दोन पोरींच्या फिया भरायच्या होत्या. झालं समाधान?

तिरकस: बुवा, ही पातळी बरी नव्हे.

वाचकबुवा: बरं बाबा, यापुढे पूर्ण म्हण लिहीन, पंचांगासकट! पण खात्यात सरळ माणसंही असतात. तुमच्या पिंपाच्या हिशेबात तीही चोर ठरतात, त्याचं काय?

तिरकस: चोर कोण म्हणतंय त्यांना? सही कोणाची होती ते बघा, एवढंच म्हणतोय.

खोडकिडा: आणि रसायनी, ती करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते. शीतगृहात ठेवून सुटका नाही.

रसायनी: तुम्हाला दुसरा धागा काढून देऊ का?