फ्लॉइड रोझ आणि परभणीचा उन्हाळा

जुनी आरजी, म्हणजे आयबानेझ कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घ्यावी का, तिचा एवढा पातळ नेक (गिटारीची मान) आपल्याकडच्या उन्हात टिकतो का, असं एकाने विचारलंय. माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही परभणीत, म्हणजे परीक्षा देऊन बसलेल्या. आयबानेझची ही मालिका १९८७ची. बहुतेकींना २४ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि विझार्ड नावाचा पातळ नेक, त्यामुळे भरधाव वाजवताना अंगठा अडकत नाही.

नेक टिकतो हो. पण एप्रिलात हवा कोरडी पडली की फिंगरबोर्डचं, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. कडेवरून हात फिरवला की करवतीसारखं बोचतं. मी केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवतो. (बायको म्हणते, गिटारीलाही कूलर!)

खरं दुखणं फ्लोटिंग ब्रिजचं, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या फ्लॉइड रोझ पद्धतीच्या हलत्या ब्रिजचं. तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा यांच्या तोलावर तो उभा असतो, एक तार तुटली की बाकी पाचही तारांचा सूर चढतो. गणपतीत भर मंडपात माझी फजिती झालीय. घेताना रंग नंतर बघा, आधी ब्रिज ज्या दोन बोल्टांवर टेकतो तिथली धार बघा. ती झिजली असेल तर बार (ब्रिज हलवायची दांडी) दाबून सोडल्यावर सूर जागेवर येत नाही.